फ्लायरवरचं ‘एक्समस’: मंगळवारच्या आत ठरवा

प्रेषक: सचिव

मंडळी,
हॉलच्या ऑफिसातून परत फोन आला. ‘एक्समस’ (Xmas, ‘ख्रिसमस’चं लघुरूप) असलेला फ्लायर चर्चच्या फलकावर लावणार नाहीत, त्यात ख्रिस्ताचा अपमान आहे, शब्द बदलून द्या म्हणतात. छापखान्याला फाइल मंगळवारी दुपारी १२ पर्यंत हवी आहे. ५०० प्रती आणि ८ बाय ३ फुटांचा बॅनर. शब्द इंग्रजी आणि मराठी दोन्ही बाजूंवर आहे. ठेवायचा की काढायचा, एवढंच कळवा.

प्रेषक: अण्णा

ठेवायचा. शब्दात अपमान नाही, हे ऑफिसला नीट समजावून सांगायला हवं. तो मुळात इंग्रजी एक्स नाहीच. ते एक्ससारखं दिसणारं ग्रीक ‘खी’ अक्षर आहे, ‘ख्रिस्तोस’ या शब्दातलं पहिलं. ख्रिस्ती लोकांच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत देव, प्रभू, येशू, ख्रिस्त ही नावं सहसा पूर्ण लिहीतच नसत. बहुतेकदा पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहायचं आणि वर आडवी रेघ द्यायची. ती रेघ म्हणजे ‘हे नाव पवित्र आहे’ अशी खूण. चौथ्या शतकातलं ग्रीक बायबलचं हस्तलिखित, कोडेक्स सिनायटिकस, उघडा, पानोपानी दिसेल. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ख्रिस्ताच्या चित्राच्या दोन बाजूंना आजही ही अक्षरं असतात. खी आणि ऱ्हो, म्हणजे ‘ख्रिस्तोस’ची पहिली दोन अक्षरं, एकात एक गुंफलेलं चिन्ह रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या ध्वजावर होतं. इंग्रजीत हा संक्षेप सुमारे ९०० वर्षं आहे. दुकानदारांनी जाहिरातीसाठी काढलेला शब्द नव्हे हा.

प्रेषक: माई

अण्णा, इतिहास बरोबर आहे, पण फलकासमोर उभा राहणारा माणूस ग्रीक वाचत नाही. त्याला एक्स म्हणजे बीजगणितातली अज्ञात संख्या, चुकीच्या उत्तरावरची फुली. ज्याच्या जन्माचा सण, नेमकं त्याच्याच नावावर फुली मारल्यासारखं त्याला दिसतं. ‘मस’ राहिलं आणि ख्रिस्त गेला, हे त्याचं दुखणं. १९७७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्याचे गव्हर्नर मेल्ड्रिम थॉमसन यांनी पत्रक काढून पत्रकारांना हा संक्षेप वापरू नका असं सांगितलं होतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिकाही तो वापरू नका म्हणते. तेव्हा हे आपल्या हॉलच्या ऑफिसानं नव्यानं काढलेलं नाही.

आपल्याकडे पाहा. मुंबईच्या स्टेशनला ‘सीएसटी’ म्हणू नका, महाराजांचं नाव पूर्ण घ्या, असा आग्रह कितीजण धरतात. तिथे आपण व्युत्पत्ती काढून समोरच्याला गप्प करत नाही.

प्रेषक: अण्णा

स्टेशनचं उदाहरण लागू नाही. ते कामकाजाच्या सोयीचं लघुरूप, हे पूजेतून आलेलं. आणि नावाला आक्षेप म्हणाल तर एके काळी तो ‘ख्रिस्त’वर नव्हता, ‘मस’वर होता. ‘मस’ म्हणजे मास, कॅथलिक उपासना. प्युरिटन म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट लोकांना तेच खटकायचं, म्हणून त्यांच्यातले काही ‘ख्राइस्ट-टाइड’ म्हणायचे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६५९ ते १६८१ हा सण पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड होता.

प्रेषक: छपाई

विषयावर येऊ या. मराठी बाजूला ‘एक्समस’ आला कसा, ते सांगतो. मूळ मजकुरात ‘ख्रिसमस’च होतं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा कंपोजर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू असला की जोडाक्षर फुटतं: ख चा पाय मोडलेला, र सुटा, वेलांटी भलतीकडे. प्रूफमध्ये तसंच आलं, म्हणून कुणीतरी शब्दच बदलला. उपाय असा: परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडायचा, युनिकोड फॉन्ट घ्यायचा आणि पीडीएफ करण्याआधी अक्षरांचे आउटलाइन करायचे, म्हणजे अक्षरांची चित्रं करायची. मग छापखान्यात फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. आउटलाइननंतर मजकूर सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा. आणि मंजूर मजकुरातला शब्द बदलण्याआधी कृपया इथे विचारा, ते काम छपाईकडे आहे.

प्रेषक: खजिनदार

एसएमएसचंही बघा. देवनागरी संदेश ७० चिन्हांचा. त्यापुढे गेला की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. म्हणून छोटा शब्द असलेला बरा.

प्रेषक: वसईची ताई

खजिनदारकाका, मोजून पाहा. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं. ‘ख्रिसमस’ ७, ‘एक्समस’ ६. एकाच चिन्हाची बचत. ‘नाताळ’ ५.

अण्णा, तुम्ही ग्रीकबद्दल सांगितलंत ते रोमन लिपीत टिकतं, कारण तिथे एक्स आणि खी दिसायला एकच. देवनागरीत ‘एक्स’ लिहिलं की उरतो फक्त इंग्रजी अक्षराचा उच्चार, खी तिथे कुठेच नाही. जुन्या ग्रीकमध्ये खीचा उच्चार ‘ख’ होता आणि आपण ‘ख्रिस्त’ लिहितो तेव्हा तोच ‘ख’ लिहितो. म्हणजे देवनागरीत खी हवी असेल तर ती ‘ख्रि’ मध्ये आहे. ‘ख्रि. पू.’ आपण बिनदिक्कत लिहितो, कुणी दुखावत नाही, कारण नावाची सुरुवात तिथे शाबूत आहे. संक्षेपाचं वावडं नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागावर आय-एच-एस कोरलंय, तीही ग्रीकमधल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरंच.

वसईत आणि गोव्यात आम्ही ‘नाताळ’ म्हणतो. पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलेला शब्द, अर्थ जन्माचा. त्यात कुणाचं नाव कापलं जात नाही. फक्त एक विनंती: वाद नको म्हणून ‘हिवाळी मेळावा’ करू नका. ते एक्सपेक्षा जास्त लागेल.

प्रेषक: अण्णा

देवनागरीबद्दलचं म्हणणं मान्य. इंग्रजी बाजूला माझं मत तेच आहे, पण तिथे पूर्ण शब्द लिहायलाही माझी हरकत नाही.

प्रेषक: सचिव

ठरलं तर. मराठी बाजू आणि बॅनर: ‘नाताळ’. इंग्रजी बाजू: पूर्ण ‘ख्रिसमस’. एसएमएस: ‘नाताळ’. छपाई, नवं प्रूफ सोमवारी रात्रीपर्यंत टाका. ताई, छापायला जाण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालाल का?

प्रेषक: छपाई

टाकतो. बॅनरवर ‘नाताळ’ १४ इंच उंचीचं बसतंय, आधीच्या शब्दाला ११ इंचच मिळत होते.