माजी पंतप्रधानांचं निधन: पंचायतीवरचा झेंडा आणि शोकसभा

प्रश्न (बार्देश, गोवा; डिसेंबर 2024)
डॉ. मनमोहन सिंग 26 डिसेंबरच्या रात्री गेले. 1 जानेवारीपर्यंत राष्ट्रीय दुखवटा आहे. आमच्या पंचायतीवर झेंडा रोज असतो, शेजारच्या शाळेत फक्त 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला. दोन्हीकडे तो अर्ध्यावर लावायचा का? रविवारी वाचनालयात शोकसभाही आहे. ती कशी घ्यावी?

उत्तर 1
शाळेला गरज नाही. जिथे झेंडा नेहमी असतो तिथेच तो अर्ध्यावर येतो. सकाळी आधी पार टोकापर्यंत चढवा, क्षणभर थांबा, मग सावकाश खाली आणा. संध्याकाळीही पुन्हा टोकाला नेऊनच उतरवायचा. बहुतेक ठिकाणी तो थेट अर्ध्यावर नेऊन बांधतात, ते चूक आहे. खांबाला आधार देणाऱ्या ताणाच्या दोऱ्या असतील तर टोक आणि त्या दोऱ्या यांच्या मधोमध, नसतील तर खांबाच्या निम्म्यावर. हातभरच खाली आणला तर बघणाऱ्याला गाठ सैल झाल्यासारखं वाटतं. दुखवट्यात 26 जानेवारी आली असती तर त्या दिवशी झेंडा पूर्ण वर राहिला असता.

उत्तर 2
भाऊ, आजच कप्पी बघून घ्या. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेनं ती गंजते आणि झेंडा मध्येच अडकतो. तेल घाला, झिजलेली दोरी बदला. निम्म्याची जागा ठरली की दोरीवर चिकटपट्टी लावून खूण करा, म्हणजे शिपाई बदलला तरी उंची बदलणार नाही. दुखवट्यात गावच्या जत्रेला अडचण नाही. बंद असतात ते सरकारी करमणुकीचे कार्यक्रम.

उत्तर 3
शोकसभेत वक्ते तीनच ठेवा. शेवटी शोकठराव वाचा, सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांत राहायचं; तीच मंजुरी. टाळ्या नकोत, हे आधीच सांगा.

बोलताना 'थोर अर्थतज्ज्ञ' एवढ्यावर थांबू नका, या माणसाला ते फार थोडं आहे. अर्थमंत्री म्हणून त्यांनी मांडलेला 24 जुलै 1991 चा अर्थसंकल्प सांगा. माहितीचा अधिकार सांगा: तो त्यांच्याच काळात, 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्ण लागू झाला. गावातला कोणीही पंचायतीकडे रस्त्याच्या खर्चाचा हिशेब लेखी मागू शकतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पंचायतीत जनमाहिती अधिकाऱ्याचा फलक असतो, तो याच कायद्यामुळे. तरुण पोरांना हे माहीत नसतं.

ठरावावर तारीख, सरपंचांची सही आणि शिक्का हवा. एक प्रत कुटुंबाला टपालानं पाठवा, दुसरी इतिवृत्तात चिकटवा.