स्कॉर्पिओचं मागचं सस्पेन्शन: ट्रॉली ओढायला काय बसवू? (नाशिक, बजेट २५ हजार)

डोंगळेवाला_१५
मंडळी नमस्कार. गाडी स्कॉर्पिओ २०१७, सव्वा लाख किमी झालेत, इंजिन ठणठणीत. माझा मधमाशीपालनाचा धंदा आहे, मेलिफेरा जातीच्या माश्यांच्या पेट्या. कांद्याच्या बियाण्याचे डोंगळे फुलले की पेट्या देवळा-सटाणा साइडला शेतकऱ्यांच्या वावरात नेऊन ठेवायच्या, नंतर डाळिंबाला. आजवर पिकअप भाड्यानं घ्यायचो, पण पेट्या रात्रीच हलवाव्या लागतात, अंधार पडून माश्या आत आल्या की दार बंद करायचं आणि निघायचं, आणि नेमका तेव्हाच पिकअपवाला फोन उचलत नाही. म्हणून अंबडला एक सिंगल एक्सल ट्रॉली बनवून घेतली. २४ पेट्या बसतात, भरून ९०० किलोच्या आसपास. पासिंग केलंय, नंबर आहे, त्यावरून कोणी सुरू होऊ नका.

प्रॉब्लेम असा की ट्रॉली लावली की गाडी मागून ७ सेमी बसते (चाकाच्या मधोमधपासून वरच्या पत्र्यापर्यंत टेपनं मोजलंय). डिकीत मध काढायचं मशीन, तंबू आणि मागच्या सीटवर दोन पोरं. हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर पडतात, समोरचे डिपर मारून मारून बेजार करतात, आणि ७०-८० ला स्टेअरिंग हलकं लागतं. मागं काय टाकू, जाड स्प्रिंग, एअर बॅग का रबर? बजेट २५ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. आणि गाडी बदल म्हणू नका.

गंगापूररोडकर
गाडी बदल. मी इसुझू व्ही-क्रॉस घेतली, मागं पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत, काहीही टाका हलत नाही. मागच्या महिन्यात फार्महाऊसचं काम काढलंय तर सिमेंटच्या गोण्या, टाइल्स, सगळं तिच्यातच. एकदा घेतली की विषय संपला.

डोंगळेवाला_१५
२५ हजारात देता का तुमची?

मेस्त्री_वडाळानाका
एक पाटा जास्तीचा टाकून घे. द्वारका सर्कलकडं पाटेवाले बसतात, दोन तासांत काम. आमच्या बोलेरोला टाकला, टमाट्याचे क्रेट भरून पिंपळगावला जातो, गाडी ताठ उभी.

सातपूरकर
अहो मेस्त्री, स्कॉर्पिओला मागं पाटे नाहीत, कॉइल (गोल वेटोळ्यांच्या) स्प्रिंग आहेत. बोलेरोला पाटे. आपल्याच गावात बनतात दोन्ही गाड्या आणि तरी हे सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे.

मेस्त्री_वडाळानाका
मला नका शिकवू, माझं आयुष्य गेलं गाडीखाली. कॉइल असली तरी ब्रॅकेट वेल्ड करून हेल्पर पाटा बसतो.

सातपूरकर
वेल्ड करून? चेसिसला? इन्शुरन्सवाला बघेल तेव्हा बघा.

रात्रपाळी_अंबड
शॉकअप बदल, मागचे दोन्ही. सव्वा लाख किमी म्हणजे गेलेलेच असणार. माझ्या झायलोचं तेच झालेलं, शॉकअप टाकले आणि गाडी नवी झाली.

टॉर्कशास्त्री
शॉकअपनं गाडी उचलत नाही हो. उंची धरून ठेवायचं काम स्प्रिंगचं, शॉकअप फक्त झोके थांबवतो. शॉकअप गेला असेल तर खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलेल, पण उभ्या गाडीची उंची आहे तीच राहणार. सव्वा लाखाला बदलायला हरकत नाही, पण ७ सेमी त्यानं भरून येणार नाहीत.

रात्रपाळी_अंबड
माझी उचलली होती. डोळ्यानं बघितलंय.

टॉर्कशास्त्री
गॅस भरलेला नवा शॉकअप थोडं वर ढकलतो, ते तुम्हाला दिसलं असेल. बरं ते जाऊ द्या. डोंगळेवाले भाऊ, स्प्रिंगच्या आधी एक सांगा, ट्रॉलीचा दांडा गाडीच्या बॉलवर (मागं ट्रॉली अडकवायचा गोळा) किती किलो टेकतो? एकूण ९०० सांगितलंत, पण गाडी बसते ती दांड्याच्या वजनानं. साधारण एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के दांड्यावर यायला पाहिजे, म्हणजे तुमचं ९० ते १३५. त्यापेक्षा कमी झालं तर ट्रॉली मागून शेपूट हलवते, जास्त झालं तर गाडी बसते.

आणि हे वजन एक्सलच्या मागं लटकतं हे लक्षात घ्या. स्कॉर्पिओचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) २६८० मिमी, तुमचा बॉल मागच्या एक्सलपासून समजा १२०० मिमी मागं आहे. मग बॉलवर १५० किलो टेकले की मागच्या एक्सलवर १५० नाही, २१७ येतात, आणि पुढच्या चाकांवरचे ६७ किलो उचलले जातात. तुमचं स्टेअरिंग हलकं लागतं ते ह्याच्यामुळं. जाड स्प्रिंग टाकून मागचं वर येईल, लाइट खाली येतील, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन स्प्रिंग परत आणत नाही. म्हणून आधी मोजा.

डोंगळेवाला_१५
मोजायचं कसं? वजनकाट्यावर नेऊ का?

टॉर्कशास्त्री
काट्यावर पूर्ण ट्रॉलीचं आणि गाडीच्या मागच्या एक्सलचं घ्या, ते हवंच. दांड्याचं घरी होतं. ट्रॉली भरून सपाट जागेवर, चाकांना दगड लावून, गाडीपासून सोडवायची आणि दांड्याचं टोक काट्यावर टेकवायचं. खाली लाकडाचा ठोकळा ठेवून बॉलच्याच उंचीवर आलं पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो.

पेठरोड_स्टॉर्म
एवढं गणित कशाला. एअर बॅग टाका, विषय कट. माझ्या सफारी स्टॉर्मला कॉइलच्या आत रबरी फुगा बसवलाय, हेल्पर बॅग म्हणतात त्याला, मागं बंपरखाली व्हॉल्व्ह, सायकलला मारतो तशी हवा मारायची. रिकामी असताना ५ पीएसआय, लोड असला की २५-३०. बाहेरचा माल आहे, वीसच्या आसपास गेले माझे, म्हणजे तुमच्या बजेटात बसतं. फक्त एक बघा, बसवणाऱ्यानं माझ्या दोन्ही बॅगा टी जोडून एकाच नळीवर घेतल्या होत्या. सप्तशृंगी गडाच्या वळणावर गाडी अशी कलायला लागली की बायको म्हणाली मी चालत येते. वळणावर बाहेरच्या बाजूची बॅग दबते आणि तिची हवा आतल्या बाजूच्या बॅगेत पळते, म्हणजे जिथं आधार पाहिजे तिथंच गायब. मग दोन नळ्या वेगळ्या करून घेतल्या, दोन व्हॉल्व्ह. आता एकदम मस्त. बसवणाऱ्यानं पैसे परत दिले का विचारू नका.

गंगापूररोडकर
पाट्याच्या गाडीला हे असले चोचले लागत नाहीत.

सातपूरकर
पाट्याच्या गाडीत मागं बसून सटाण्यापर्यंत जाऊन दाखवा, मग बोलू. त्यात सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी अर्धं नाशिक खोदून ठेवलंय.

कलम_बावन्न
पासिंगवरून सुरू होऊ नका म्हणालात म्हणून गाडीपुरतं बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही. चेसिसला वेल्डिंग, ४ इंच लिफ्ट असले प्रकार अडचणीत आणतील. आणि कुठलीही बॅग, कुठलीही स्प्रिंग टाकली तरी आरसीवरचं ग्रॉस वजन वाढत नाही. गाडी सरळ उभी दिसते म्हणजे लोड बसला असं नाही, एक्सल, ब्रेक, टायर सगळे तेच आहेत.

मेस्त्री_वडाळानाका
कलमं बघून धंदा होत नाही साहेब. निम्म्या जिल्ह्याचे द्राक्षाचे क्रेट ओव्हरलोडच जातात.

कलम_बावन्न
आणि निम्म्या जिल्ह्याचे अपघातही तसेच होतात.

मोहोळ_निफाड
भाऊ मीपण पेट्यावाला. तुम्ही सगळे गाडीचं बघताय, माश्यांचं कोणी बघत नाही. गाडी ताठ करून काय उपयोग, ट्रॉलीला पाटे कुठले लावलेत? फॅब्रिकेशनवाले ट्रॅक्टर ट्रॉलीच्या हिशोबानं जाड पाटे लावतात, मग हलक्या लोडवर ते वाकतच नाहीत, प्रत्येक खड्डा सरळ फ्रेमला. माझं एकदा उन्हाळ्यात मधानं भरलेलं पोळं तुटून पेटीच्या तळाला पडलं, माश्या मधात बुडून मेल्या, पेटी उघडली तर नुसता चिकट काळा लगदा. तेव्हापासून मी ट्रॉलीचा एकेक पाटा कमी केला आणि टायरची हवा उतरवून चालवतो. आणि पेट्या अशा ठेवा की आतल्या फ्रेम (पोळ्याच्या चौकटी) प्रवासाच्या दिशेनं लांब राहतील, आडव्या नकोत. आडव्या असल्या की ब्रेक मारल्यावर एकमेकींवर आपटतात आणि राणी चेंगरते.

टॉर्कशास्त्री
फ्रेमचं बरोबर आहे, पण टायरची हवा उतरवायचा सल्ला कुणी घेऊ नका. कमी हवेवर लोड ओढला की टायरची साइड तापते आणि फुटतो. पाटा कमी करायचा तर ट्रॉलीचं वजन धरून करा.

मोहोळ_निफाड
माझा नाही फुटला.

घाटउतार
सगळं वाचलं. ट्रॉलीला ब्रेक आहे का हे कोणीच विचारलं नाही?

डोंगळेवाला_१५
नाही. साधी ट्रॉली आहे. स्कॉर्पिओचे ब्रेक चांगले आहेत.

घाटउतार
भाऊ, ९०० किलोला ब्रेक नाही आणि सटाण्याला जाताना भावडबारीचा घाट उतरताय तुम्ही. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे आणि तिकडचे रस्ते आपल्यापेक्षा बरे. उतारावर वळणात ब्रेक मारला की मागचे ९०० किलो गाडीच्या शेपटीला ढकलतात, गाडी फिरते आणि ट्रॉली बाजूनं येऊन गाडीला भिडते. २५ हजार असतील तर ते ओव्हररन ब्रेकवर घाला. दांड्याचं पुढचं तोंड थोडं मागं सरकणारं असतं, गाडी हळू झाली की ट्रॉली पुढं ढकलते, तोंड आत जातं, आतला दांडा केबल ओढतो आणि ट्रॉलीच्या चाकांचे ड्रम ब्रेक लागतात. इलेक्ट्रिक काही नाही, गाडीला काही करावं लागत नाही. सोबत सेफ्टी चेन, दोन, बॉलखाली क्रॉस करून. आणि ट्रॉली हलायला लागलीच तर जोरात ब्रेक नाही, स्टेअरिंगची झटापट नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्यायचा.

पेठरोड_स्टॉर्म
ब्रेक पाहिजेच. पण बॅगपण पाहिजे.

रात्रपाळी_अंबड
शॉकअप पण.

कांदाभजी
मध काय किलो देता? डोंगळ्याचा मध वेगळा लागतो म्हणतात, खरं का?

डोंगळेवाला_१५
कांदाभजी, मेसेज करा.

टॉर्कशास्त्री साहेब, मोजलं. कांद्याच्या चाळीतला प्लॅटफॉर्म काटा काढला, वर लाकडाचा ठोकळा, त्यावर दांडा. १६८ किलो! पोरगा म्हणाला काटा खराब आहे, म्हणून त्यालाच उभा केला काट्यावर, बरोबर दाखवला. मग ट्रॉलीत वाकून बघितलं तर फॅब्रिकेटरनं एक्सल जरा जास्तच मागं घेतलाय, आणि आम्ही भरतो पण पुढून, कारण मागं चढायला जागा लागते. जड पेट्या (मध भरलेल्या) उचलून एक्सलवर आणि मागं घेतल्या, नवीन हलक्या पेट्या पुढं आणल्या, पाण्याचा ड्रम मागच्या कोपऱ्यात टाकला. आता ९६. गाडी ७ च्या जागी ४ सेमी बसते, स्टेअरिंगपण सुधारलं.

टॉर्कशास्त्री
अरे वा. ९६ म्हणजे जेमतेम दहा टक्क्यांच्या वर आहात, आता अजून मागं नेऊ नका. तो ड्रम मात्र तिथून काढा. अगदी शेवटच्या टोकाला वजन ठेवलं की दांड्याचा आकडा बरोबर दिसतो पण ट्रॉली झोका घ्यायला लागली की थांबत नाही. जड सामान एक्सलच्या जवळ, टोकाला नाही. डिकीतलं मशीनपण ट्रॉलीत एक्सलवर टाकलं तर आणखी फरक पडेल. आणि उरलेल्या ४ सेमीला काही टाकायची गरज नाही, हेडलाइटची उंची कमी करायचा नॉब डॅशबोर्डवर आहे तो फिरवा, मागच्या टायरला दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणं फुल लोडची हवा ठेवा.

घाटउतार
आणि ब्रेक.

सातपूरकर
नॉब आहे हे किती जणांना माहीत असतं.

डोंगळेवाला_१५
सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. ठरवलं असं की मागच्या कॉइलमध्ये घालायचे रबर बफर टाकतोय. ओळखीच्या मेस्त्रीकडं जोडी तीन हजारात मिळते, अर्ध्या तासात बसतात. उरलेल्या पैशात ट्रॉलीला वर ताडपत्रीची फ्रेम करून घेतो, दवानं पेट्या भिजतात. ब्रेकचं पुढच्या सीझनला बघू, तोपर्यंत भावडबारी दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो.

टॉर्कशास्त्री
रबर बफर म्हणजे स्प्रिंगचं एक वेटोळं बंद करून टाकणं, बाकीच्या वेटोळ्यांवर तेवढा ताण जास्त. रिकामी गाडी उडेल. मी ते ४ सेमी तसेच सोडले असते. पण तुमची गाडी.

घाटउतार
ताडपत्रीला पैसे आहेत आणि ब्रेकला नाहीत. काय बोलायचं.

डोंगळेवाला_१५
दादा, ताडपत्री यंदा लागते. आणि ब्रेक लावायचा तर एक्सलच बदलायला सांगतोय फॅब्रिकेटर, जुन्या एक्सलला ड्रम बसत नाहीत म्हणे. एक्सल पुढं घ्यायचाच आहे, तेव्हा एकदमच करतो. तोवर १८ पेट्यांच्या वर भरत नाही, मग ७५० च्या आतच राहतं.

घाटउतार
हे आधी बोलला असता तर एवढं टाइप केलं नसतं. १८ वर थांबा मग, १९ वी नको.

नाशिकरोड_क्रिस्टा
विषयाला धरून विचारतो, माझ्या क्रिस्टात सासरची मंडळी बसली की मागून आवाज येतो, कुर्रकुर्र असा, वजन जास्त असलं की जास्त येतो. सस्पेन्शनचे रबरी बुश गेले असतील का? बजेट वगैरे काही अडचण नाही.

रात्रपाळी_अंबड
शॉकअप.