डडली वूडचा स्पीडवे ट्रॅक : जुन्या प्रोग्रॅम-पुस्तिका कशा वाचाव्यात?

हेल्सओवनकर (प्रश्न)

नमस्कार. माझे बाबा सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या ब्लॅक कंट्री भागात नोकरीसाठी आले आणि क्रॅडली हीथच्या साखळ्या बनवणाऱ्या गल्ल्यांपासून जवळच आम्ही राहू लागलो. शनिवारी संध्याकाळी ते डडली वूड स्टेडियममध्ये 'क्रॅडली हीथ हीदन्स' या संघाच्या स्पीडवे, म्हणजे मोटरसायकलच्या, शर्यती पाहायला जात असत. मी तेव्हा इतका लहान होतो की ट्रॅकचा आवाज घरापर्यंत येत असे, यापलीकडे मला काही आठवत नाही. ट्रॅक १९९५ मध्ये बंद झाला आणि आता त्या जागी घरे उभी आहेत.

बाबांच्या कागदपत्रांत त्या काळच्या बऱ्याच प्रोग्रॅम-पुस्तिका सापडल्या. प्रत्येक पुस्तिकेच्या मधल्या पानांवर छापील तक्ता असून त्यातील चौकटी बाबांनी पेन्सिलीने भरल्या आहेत. ३, २, १, ० हे आकडे समजण्यासारखे आहेत, परंतु काही ठिकाणी इंग्रजीतील एफ, ई, एक्स, टी अशी अक्षरे आहेत, काही आकड्यांच्या डोक्यावर छोटी रेघ आहे आणि शेवटच्या रकान्यात ५३.४, ७१.८ अशा दशांश संख्या आहेत. या खुणांचा अर्थ कोणी सांगू शकेल काय? शिवाय ज्यांनी तो ट्रॅक प्रत्यक्ष पाहिला आहे, त्यांनी तेथील संध्याकाळ कशी असे हेही लिहावे. बाबा या विषयावर फारसे बोलत नसत आणि आता विचारायला ते नाहीत.

शनिवारचा_प्रेक्षक

आपल्या बाबांनी पुस्तिका जपून ठेवल्या हे वाचून आनंद झाला. तक्ता भरणे हा त्या खेळाचा निम्मा आनंद होता आणि हातात पेन्सिल नसलेला माणूस स्टँडमध्ये क्वचितच दिसे.

आधी मूळ रचना सांगतो, म्हणजे अक्षरे आपोआप उलगडतील. एका शर्यतीला हीट म्हणतात. प्रत्येक हीटमध्ये चार स्वार, प्रत्येक संघाचे दोन, अंडाकृती ट्रॅकवर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चार फेरे मारतात. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला शून्य. म्हणजे हीट पूर्ण झाली तर दोन संघांत मिळून नेहमी सहाच गुण वाटले जातात. यजमान संघाचे दोघे पहिले आणि दुसरे आले तर ५-१, आणि या निकालावर स्टँडमध्ये जो जल्लोष होई तो एकट्याने जिंकलेल्या हीटला होत नसे. ऐंशीच्या दशकाच्या बऱ्याच भागात लीगच्या सामन्यात १३ हीट असत, म्हणून दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज ७८ येते. पुढे १५ हीटचे सामने सुरू झाले तेव्हा ती ९० झाली. एखाद्या पुस्तिकेचे मुखपृष्ठ गळले असेल तर आपल्याला या बेरजेवरून काळाचा अंदाज बांधता येईल.

आता अक्षरे. एफ म्हणजे स्वार पडला, ई म्हणजे इंजिन बंद पडले, एक्स म्हणजे पंचांनी त्याला हीटमधून बाद केले आणि टी म्हणजे सुरुवातीच्या टेपला स्पर्श केल्यामुळे बाद. सुरुवात झेंड्याने होत नसे. ट्रॅकवर आडव्या ताणलेल्या टेप झटक्यात वर जात आणि त्याआधीच गाडी पुढे सरकून टेपला लागली की त्या स्वाराची हीट तिथेच संपे.

आकड्यावरची रेघ म्हणजे बोनस गुण. स्वार स्वतःच्याच जोडीदाराच्या मागे पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे आला, तर जोडीदाराला मागे टाकण्याचा हट्ट न धरता संघाचे हित पाहिले म्हणून त्याला एक गुण जादा मिळे. हा गुण संघाच्या बेरजेत जात नाही, मात्र स्वाराची सरासरी काढताना आणि त्याचे मानधन ठरवताना धरला जातो. सरासरीचा हिशेब असा : बोनससह एकूण गुण भागिले हीटची संख्या, आणि त्याला चारने गुणायचे. दहाच्या वर सरासरी असलेला स्वार म्हणजे संघाचा आधारस्तंभ.

५३.४ किंवा ७१.८ ही सेकंदांतील वेळ आहे. हीट जेमतेम मिनिटभर चाले. ७१.८ ही वेळ बहुधा पावसात चिखल झालेल्या ट्रॅकवरची असावी, किंवा पुढचे दोघे पडल्यावर मागच्याने सावकाश फेरे पूर्ण केले असतील.

यंत्रविशारद

तक्त्याचे स्पष्टीकरण उत्तम झाले आहे. माझा या विषयाशी संबंध गाड्यांमुळे आला, म्हणून त्याविषयी लिहितो.

स्पीडवेच्या मोटरसायकलला ५०० सीसीचे एकाच सिलिंडरचे इंजिन आणि एकच गिअर असतो. ब्रेक मात्र नसतो. ही सोय कंजुषीपायी वगळलेली नसून सुरक्षिततेचा विचार करूनच वगळली आहे, कारण चौघे एकमेकांच्या हातभर अंतरावर वळत असताना पुढच्याने अचानक ब्रेक लावला तर मागचे तिघे त्याच्यावर आदळतील. सरळ पट्टी संपताना स्वार डावा पाय खाली टेकवतो. त्या बुटाला पोलादी तळ जोडलेला असतो. मग मागचे चाक बाहेरच्या बाजूला घसरू देऊन, पुढचे चाक उजवीकडे वळवून तो डावे वळण घेतो. प्रथमच पाहणाऱ्याला गाडी हातातून निसटली असे वाटते. प्रत्यक्षात ती तशीच घसरत राहावी म्हणून स्वार थ्रॉटल उघडाच ठेवतो, आणि भीतीने तो बंद करणारा स्वार हमखास पडतो.

इंधन पेट्रोलऐवजी मिथेनॉल असते. ते इंजिनला थंड ठेवते आणि त्यावर कॉम्प्रेशनचे प्रमाण बरेच वाढवता येते. त्या काळात अनेक स्वार एरंडेलापासून बनवलेले कॅस्ट्रॉल आर हे तेल वापरत. प्रचंड उष्णतेतही त्याचा थर धातूवर टिकून राहतो. ज्यांना लहानपणी पोट साफ करण्यासाठी एरंडेल प्यावे लागले, त्यांना त्याच तेलाच्या जळक्या, गोडसर वासाने शनिवारी आनंद व्हावा, हा नियतीचा विनोदच म्हणायचा. तो वास स्वेटरला लागून घरी येई आणि रविवारी आवरताना घरच्या मंडळींचे त्यावर मत ऐकावे लागे.

सत्तरच्या दशकात चेकोस्लोव्हाकियाची जावा आणि इंग्लंडची चार व्हॉल्व्हची वेस्लेक या इंजिनांत चुरस होती. १९७६ मध्ये पीटर कॉलिन्स यांनी वेस्लेकवर जगज्जेतेपद मिळवल्यावर चार व्हॉल्व्हविषयीची शंका मिटली. आपल्या पुस्तिकांत स्वारांच्या नावांपुढे गाडीची नोंद असेल तर हा बदल हंगामागणिक दिसेल.

दुसरे_वळण

हेल्सओवनकर, मी आपल्या बाबांच्याच पिढीचा. त्या काळी ब्लॅक कंट्रीतील फाउंड्रीत काम करणारे आम्ही काही मराठी लोक एकत्र जात असू. आम्हाला क्रिकेट कळत होते आणि फुटबॉल कानावर येत होते, पण स्पीडवेची ओळख आमच्या फोरमनने करून दिली, आणि पहिल्याच संध्याकाळी आम्ही त्याचे झालो. फुटबॉलच्या मैदानावर त्या वर्षांत आमच्यासारख्यांना फारसे मोकळेपणाने उभे राहता येत नसे. डडली वूडला मात्र आजीबाई, लहान मुले आणि शाळकरी मुली अशी अख्खी कुटुंबे येत. समोरच्या संघाचे समर्थक शेजारीच उभे असत आणि त्यांच्याकडून पेन्सिल उसनी घ्यायलाही संकोच वाटत नसे. स्पीडवेची ही बाजू वृत्तपत्रांत फारशी आली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

जागा कुठली घ्यावी यावर आमच्यात वाद होत. सुरुवातीच्या रेषेसमोर उभे राहिले तर टेप सुटताना चौघांचे क्लच दिसत, आणि हीटचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या वळणापर्यंतच्या त्या काही सेकंदांत ठरतो. मी दुसऱ्या वळणाचा पक्षपाती. आतल्या बाजूने जाणारा स्वार तिथे बाहेर ढकलला जाई, आणि कुंपणाच्या इतक्या जवळून जाई की ट्रॅकवरचे तांबूस शेलचे (म्हणजे खडकाच्या चुऱ्याचे) खडे आमच्या अंगावर उडत. अनुभवी माणसे प्रोग्रॅम तोंडापुढे धरत. आपल्या पुस्तिकांच्या पानांत लालसर कण अडकलेले असतील तर झटकू नका. ती डडली वूडची शेल आहे.

दोन हीटच्या मध्ये ट्रॅक्टर फिरून उकरलेली शेल पुन्हा सारखी करी आणि त्या वेळात लोक आपापल्या तक्त्यांची बेरीज पडताळून पाहत. स्वारांच्या शिरस्त्राणांवरील रंगांमुळे लांबूनही ओळख पटे. यजमानांचे लाल आणि निळे, पाहुण्यांचे पांढरे आणि पिवळे-काळे. सामना संपला की पिटजवळ, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या जागेजवळ, मुलांची झुंबड उडे, आणि जगज्जेता स्वारही तेलकट हातांनी सह्या करत उभा राही.

आता त्या जगज्जेत्यांविषयी. कॅलिफोर्नियाचा ब्रूस पेनहॉल १९७८ मध्ये क्रॅडलीला आला. सोनेरी केस आणि प्रसन्न चेहरा यांमुळे तो आधी मुलींत लोकप्रिय झाला, पण वळणात बाहेरच्या बाजूने वेग घेण्याची त्याची धडाडी पाहून आमच्यासारखे प्रौढही त्याच्या नादी लागले. १९८१ मध्ये वेम्बली स्टेडियमवर तो जगज्जेता झाला. त्या रात्री तिथे ९० हजारांहून अधिक प्रेक्षक होते आणि वेम्बलीवरील ती शेवटची जागतिक अंतिम शर्यत ठरली. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला त्याने विजेतेपद राखले आणि त्याच रात्री निवृत्ती जाहीर करून अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत अभिनय करायला तो निघून गेला. क्रॅडलीत कित्येकांनी हे मनाला लावून घेतले. माझे मत वेगळे आहे : ब्रेक नसलेल्या गाडीवरून सर्वोच्च स्थानी असताना उतरता आले, यापेक्षा स्वाराला अधिक काय हवे?

मला स्वतःला डेन्मार्कचा एरिक गुंडरसन अधिक जवळचा. दिसायला साधा, बोलायला नम्र, पण टेप सुटताना त्याच्याइतका चपळ माणूस मी पाहिला नाही. १९८४, १९८५ आणि १९८८ अशी तीन जगज्जेतेपदे त्याने क्रॅडलीचा स्वार असतानाच मिळवली. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रॅडफर्डच्या ऑडसल स्टेडियमवर सांघिक जागतिक अंतिम सामन्यात त्याला भीषण अपघात झाला. तो वाचला आणि पुन्हा चालूही लागला, परंतु शर्यती संपल्या. त्यानंतरच्या शनिवारी आमच्या स्टँडमध्ये नेहमीचे भोंगे वाजले नाहीत.

जुना_लीगप्रेमी

दुसरे_वळण काकांनी जे लिहिले त्याला माझी पुस्ती. १९४७ मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकने १९८१ आणि १९८३ मध्ये लीगचे विजेतेपद पाहिले. क्रॅडलीच्या यान ओ. पेडरसनने १९९१ मध्ये गोथेनबर्गला एकही हीट न गमावता १५ गुण मिळवून जगज्जेतेपद पटकावले. बिली हॅमिल आणि ग्रेग हॅनकॉक हे दोघे अमेरिकन तरुणही याच ट्रॅकवर घडले; हॅमिल १९९६ मध्ये आणि हॅनकॉक १९९७ मध्ये जगज्जेता झाला. म्हणजे इथे घडलेल्या दोन स्वारांनी जग जिंकले तेव्हा संघाचा ट्रॅक अस्तित्वात नव्हता.

ट्रॅक बंद होण्याचे कारण खेळातील अपयश नव्हते, हे आपल्या लक्षात आले असेलच. जागा घरांसाठी विकली गेली. १९९६ चा हंगाम संघ स्टोकच्या ट्रॅकवर संयुक्त नावाने खेळला आणि मग थांबला. लांबच्या गावी जाऊन 'आपला' संघ पाहायला किती लोक जाणार? शनिवारी चालत जाता येणे हाच या खेळाचा पाया होता. २०१० पासून नव्या पिढीने खालच्या स्तरावर 'हीदन्स' हे नाव पुन्हा चालवले, पण दुसऱ्यांच्या ट्रॅकवर. त्यांतील वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॉनमोर ग्रीनवरही २०२३ च्या अखेरीस स्पीडवे बंद झाले, आणि कॉव्हेंट्रीचे ब्रँडन तर २०१६ पासूनच शांत आहे. ऑक्सफर्डला मात्र २००७ मध्ये थांबलेल्या शर्यती २०२२ मध्ये परत आल्या, म्हणजे जागा शिल्लक असेल तर खेळ परततो.

पुस्तिकांविषयी एक विनंती. पिना लोखंडी असल्याने गंजून कागद खातात, त्या हलक्या हाताने काढा आणि पाने स्कॅन करताना पेन्सिलीच्या खुणा फिक्या दिसल्या तरी त्यांवर पुन्हा गिरवू नका.

हेल्सओवनकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्री बसून बेरजा पडताळल्या. बहुतेक सामन्यांची बेरीज ७८ आली, नंतरच्या काहींची ९०. एका पुस्तिकेत मात्र ती ४८ वर थांबते, पुढच्या पाच हीटच्या चौकटी रिकाम्या आहेत आणि समासात बाबांच्या अक्षरात 'कोट घरी' एवढेच लिहिले आहे. त्यांनी काय नोंदवले असावे?

शनिवारचा_प्रेक्षक

आठव्या हीटनंतर पाऊस आला आणि सामना थांबवला गेला. समासातील नोंदीचा अर्थ तर आपण ओळखलाच असेल.