क्रिप्टोतली शिल्लक गावाला कळली, मोनेरोत जाऊ का?

मागवाला_पूर्वभाग:
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. एका मित्राने उसने पैसे यूएसडीटीत (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) परत करतो म्हटलं, म्हणून ट्रॉन नेटवर्कवरचा माझा पत्ता व्हॉट्सॲपवर धाडला. पैसे आले. पण पठ्ठ्याने तो 'टी'पासून सुरू होणारा पत्ता ट्रॉनस्कॅनवर, म्हणजे ट्रॉनचे व्यवहार कुणालाही दाखवणाऱ्या साइटवर, टाकून माझी शिल्लक, कधी किती आले-गेले, सगळं वाचून काढलं. आता पार्क चौकात जो तो विचारतो, "एवढा माल दाबून बसलास व्हय बे?" सूतवालाही उधारीला कुरकुरतोय. मोनेरो हे व्यवहार झाकणारं नाणं आहे म्हणतात, त्यात गेलो तर हे थांबेल का? का पुढे तेही बंद पडेल?

हिप्परगाकर:
टॅक्स भरला असेल तर लपवायचं कशाला?

नवीपेठ_रिटर्नवाला:
हिप्परगाकर, तुमचं पासबुक नवी पेठेत भिंतीवर चिकटवू का मग? टॅक्स तर आम्ही रोजच भरून देतो लोकांचा.

मागवाले, सरकारपासून लपणं विसरा. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज, म्हणजे जिथे नाणी विकत घेतो-विकतो ते, मनी लाँडरिंग कायद्याखाली आहेत, पॅन दिल्याशिवाय दार उघडत नाही. नफ्यावर ३० टक्के कर, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही, हा तर निव्वळ अन्याय आहे, पण असो.

मोनेरोत रक्कम आणि पत्ते झाकलेले असतात, खरंय. पण विकणार कुठे? बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते काढून टाकलं. युरोपियन युनियनमध्ये १० जुलै २०२७ पासून एक्स्चेंजना असली नाणी ठेवायलाच बंदी. अमेरिकेचं धड ठरत नाही: नाणी मिसळून माग पुसणाऱ्या टॉर्नेडो कॅशवर ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध घातले, मार्च २०२५ मध्ये उठवले.

मला आशा वाटते ती झेडकॅश या दुसऱ्या नाण्याच्या 'व्ह्यूइंग की'ची. झाकून केलेला व्यवहार इतरांना दिसत नाही, पण ज्याला ती किल्ली द्याल त्याला हिशोब दिसतो. आयकरवाल्याला द्या, सूतवाल्याला देऊ नका. आपले कायदे मात्र अजून तिकडे बघतही नाहीत.

मागवाला_पूर्वभाग:
मग आत्ता काय करू? जुना पत्ता पुसता येतो का?

नवीपेठ_रिटर्नवाला:
नाही, तो कायमचा राहणार. शिल्लक एक्स्चेंजवर टाका आणि तिथून नव्या पत्त्यावर काढा. जुन्यातून नव्यात थेट पाठवलंत तर ट्रॉनस्कॅनवर लगेच माग लागतो. एकदम सगळी हलवू नका, रक्कम आणि वेळ जुळली की तुमचा तो मित्र ओळखेल. उसनवारीसाठी वेगळा, रिकामा पत्ता ठेवा. आणि रिटर्नमध्ये व्हीडीए शेड्यूल, म्हणजे क्रिप्टोचा तक्ता, भरायला विसरू नका.

मागवाला_पूर्वभाग:
बरं. त्या मित्राला आता रोखच देणार.