जांभ्याची खाण बुजवल्यावर कोणते बियाणे पेरावे?

प्रश्न (खानापूर तालुका)
नमस्कार. जांबोटीच्या बाजूची आमची चार एकर माळजमीन चिऱ्याच्या खाणीसाठी दिलेली होती. करार संपल्यावर ठेकेदाराने खाणीतलाच चुरा खड्ड्यात ढकलला, त्यावर वीतभर माती पसरली आणि जेसीबीने सपाट दाबून तो मोकळा झाला. बियाण्याच्या दुकानात सुबाभूळ, अंजन गवत आणि स्टायलो (शेंगवर्गीय चारापीक) यांचे तयार मिश्रण एकरी दहा किलो सुचवले आहे. घरी चार म्हशी असल्यामुळे आधी चारा हवा आणि पुढे झाडेही उभी राहावीत अशी इच्छा आहे. मृगाच्या तोंडावर हे मिश्रण पेरावे का?

उत्तर १ (बेळगाव, निवृत्त कृषी कर्मचारी)
त्या तिघांपैकी आपल्या जागी फक्त स्टायलो ठेवण्यासारखे आहे. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि अशा मातीत सुबाभूळ पिवळी पडून खुरटते. अंजन हे कमी पावसाचे गवत असून पाणी साचले की कुजते, तेव्हा जांबोटीच्या पावसात त्याचा निभाव लागणे कठीण. त्याऐवजी आपल्याच माळावरची पवना आणि कुसळी ही गवते घ्यावीत. मात्र त्यांचे बी गेल्या हंगामात गोळा केलेले असावे, कारण ताजे बी काही महिने सुप्त राहते आणि लगेच पेरल्यास उगवत नाही. स्टायलोचे कवच कठीण असल्याने ते सुमारे ८० अंश तापलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून सुकवावे. या मातीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात आणि स्फुरदाशिवाय शेंगवर्गीय पिके मुळांवर गाठी धरत नाहीत, म्हणून शेणखताबरोबर रॉक फॉस्फेट द्यावे. आम्ल मातीत ते हळूहळू विरघळून लागू पडते.

उत्तर २ (निपाणी)
आमच्या कोरड्या पट्ट्यात अंजन उत्तम येते, त्यामुळे दुकानदाराने ते आमच्याकडचा अनुभव धरून सांगितले असावे. मुरमाच्या जुन्या खाणीवर मी स्वतः केलेली चूक सांगतो. जमीन लवकर झाकावी म्हणून एकरी वीस किलो ताग पेरला, तो पुरुषभर वाढला आणि त्याच्या सावलीत गवताचे एकही रोप टिकले नाही. ताग पेरायचाच तर चार-पाच किलो विरळ पेरा आणि फुलावर येताच कापून तिथेच अंथरा. हुलगा जूनमध्ये पेरू नका, तो पावसाचा जोर ओसरल्यावरच टाकावा.

उत्तर ३ (धारवाड, वनशास्त्राचा विद्यार्थी)
बियाण्याआधी दाबलेल्या जमिनीकडे पाहावे असे मला वाटते. अमेरिकेच्या ॲपलाचिया भागात खाणजमिनी पूर्ववत करण्याच्या १९७७ च्या कायद्यानंतर त्या जमिनी सपाट दाबून दाट गवत पेरण्याची पद्धत रुळली, परंतु त्या घट्ट थरात झाडांची मुळे उतरली नाहीत आणि गवताने रोपांना दडपले. पुढे तिथे निदान चार फूट सैल थर ठेवून विरळ, बुटके आच्छादन पेरण्याचा मार्ग स्वीकारला गेला. आपणही निदान झाडांच्या ओळींत जमीन खोल उकरून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणपट्ट्यांमध्ये (खाणीच्या भाडेकरारांत) खाणकामानंतर गवत लावण्याची आणि तो खर्च पट्टाधारकाने सोसण्याची अट घालण्यास केंद्राला सांगितले आहे, म्हणून पट्ट्याची कागदपत्रे पुन्हा वाचावीत. भारतीय चारा संशोधन संस्थेचे केंद्र धारवाडला आहे. गवताच्या बियाण्याची चौकशी तिथे करता येईल.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. दोन एकरांत पवना, कुसळी आणि स्टायलो पेरतो, उरलेल्या दोन एकरांत ओळी उकरून झाडे लावतो. जुन्या मातीचा एक ढीग बांधावर शिल्लक आहे, पण त्यावर रानमोडी (झपाट्याने पसरणारे तण) माजली आहे. ती माती वापरावी का?

उत्तर १
अवश्य वापरा, त्या मातीतच आपल्या माळाचे बी आणि सूक्ष्मजीव आहेत. रानमोडी फुलण्याआधी मुळासकट उपटा आणि पसरल्यानंतर दोन पावसाळे तिची रोपे वेचत राहा. माती थोडी असल्याने ती सगळीकडे पातळ न पसरता झाडांच्या ओळींतच टाका. जांभळाचे बी मात्र साठवू नका. ते काही आठवड्यांतच उगवणक्षमता गमावते, म्हणून जूनमध्ये फळ खाल्ले की बी लगेच ओळीत पुरावे. पहिले वर्षभर म्हशी आत सोडू नका, चारा कापूनच न्या.