‘पोच’ की ‘पोहोच’?

प्रश्न (राजारामपुरी): मोबाइल कंपन्यांना आरसीएस मेसेजमधून (एसएमएसचा नेटवर चालणारा सुधारलेला प्रकार) धंदा किती मिळेल, यावरचा एक अनुवाद तपासतोय. वाक्य आहे : ‘प्रगत संदेशसेवेमुळे वाहकांची पोच वाढेल.’ इथं ‘पोच’ चालेल का?

उत्तर (मार्केट यार्ड): आधी ‘वाहक’ काढा. वाहक म्हटलं की एसटीत तिकीट फाडणाराच डोळ्यांपुढं येतो. सरळ ‘मोबाइल कंपन्या’ लिहा.

आता पोच. आमच्याकडं गुळाचा सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, जाते आणि आम्ही म्हणतो, ‘मिळाली की पोच द्या.’ म्हणजे मिळाल्याची खूण. पोहोच म्हणजे आपला हात कुठवर जातो ते. बोलताना दोन्हींचं ‘पोच’च होतं, पण तुमच्या विषयात हा फरक फार मोलाचा आहे. साध्या एसएमएसची पोहोच दांडगी : बटणाचा फोन असो, नेट नसो, जातोच. पोच मात्र अर्धी. फोनपर्यंत गेला एवढं कळतं, वाचला का ते कळत नाही. आरसीएसमध्ये वाचल्याचीही पोच मिळते, पण त्याला नेट लागतं, फोनही तसा लागतो. २०१६ साली जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं आरसीएससाठी सगळ्यांना एकच नियमावली, ‘युनिव्हर्सल प्रोफाइल’, ठरवली, २०२४ मध्ये आयओएस १८ या प्रणालीपासून आयफोनही त्यात आला. वाढतेय ती पोहोच.

मराठीत मेसेजवर पट्टी पाठवणाऱ्याला आरसीएसकडं वळायला आणखी एक कारण आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, तीही काना-मात्रा वेगळ्या मोजून. एका पट्टीचे दोन-तीन एसएमएस होतात आणि पैसे तितक्यांचे पडतात. आरसीएसला ही ७०ची अट नाही. कंपन्यांनी मराठी व्यापाऱ्याला हे सांगितलं तर गिऱ्हाईक मिळेल, असं मला मनापासून वाटतं.

उत्तर (मंगळवार पेठ): ‘पोच’चा तिसरा अर्थही सांभाळा. ‘त्याला पोच नाही’ म्हणजे कुठं काय बोलावं याची समज नाही. नको त्या जाहिराती आल्या की लोक वैतागतात. २०२२ मध्ये तक्रारींमुळं गूगलला भारतात आरसीएसवरच्या जाहिराती थांबवाव्या लागल्या होत्या. या अर्थाची पोच नसेल तर बाकीच्या दोन्ही वाया.

प्रश्नकर्ता : मग असं करतो : ‘आरसीएसमुळे मोबाइल कंपन्यांना वाचल्याची पोच विकता येईल, पोहोच मात्र अजून एसएमएसचीच मोठी आहे.’ ‘प्रगत’ गाळलं.

उत्तर (मार्केट यार्ड): बरं केलंसा.