कूलर लावला की एक्स्टेंशन बोर्ड तापतो

कूलरग्रस्त, मनीषनगर:
पारा ४५ वर. कूलर, फ्रिज आन् दुपारची प्रेस (इस्त्री), सगळं एकाच चार पॉइंटच्या बोर्डवर चालून राहिलं. प्रेसच्या पॉइंटभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलंय, मासळीसारखा वास येतो. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) तर पडत नाही. मग चालते नं?

वायरमन_बुवा:
नाही चालत बाप्पा, आजच काढा! आतली पितळी पट्टी ढिली झाली की तिथंच उष्णता होते. करंट मात्र वाढत नाही, म्हणून एमसीबीला पत्ताच नाही. ६ अँपिअरचा बोर्ड म्हणजे २३० व्होल्टवर १३८० वॅट, तेही चारही पॉइंट मिळून. हजार वॅटची प्रेस सरळ भिंतीवर लावा. फ्रिजही.

इतवारीकर:
बोर्ड कूलरखाली फरशीवर नका ठेवू, पाणी सांडतेच. आन् लोखंडी बॉडीचा कूलर दोन पिनांवर? अर्थिंगच नाही मग.

कूलरग्रस्त:
नवा 'सर्ज'वाला, म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा बोर्ड, घेऊ का?

वायरमन_बुवा:
घ्या, पण त्यातला संरक्षक भाग दर झटक्यानं झिजतो. तो संपला तरी बोर्ड चालूच राहतो. त्यापेक्षा आयएसआय मार्क आन् जाड वायर बघा.